ढोलकी थांबवणारा पाय

वरोऱ्यातल्या आमच्या इस्त्रीवाल्याला वाक्य संपलं की पाय आपटायची खोड आहे. "सर, शर्ट उद्या भेटन," आणि धप्प! मला तो उर्मटपणाच वाटायचा.

परवा अपंग कलावंतांच्या ऑर्केस्ट्राला गेलो. मध्येच खडी गंमत, म्हणजे आमच्या विदर्भातला तमाशा, गाणारी नवरा-बायकोची जोडी आली. फेटा बांधलेला शाहीर म्हणजे आमचाच इस्त्रीवाला! खडी गंमतमध्ये शाहिरानं हात वर केला की ढोलकी थांबते, हे लहानपणापासून बघत आलोय. मी त्या हाताची वाट बघत होतो. यानं मात्र अनवाणी पाय स्टेजच्या फळ्यांवर आपटला आणि ढोलकी जागच्या जागी थांबली. ढोलकीवाला आंधळा होता, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात विचारलं, "भाऊ, इथी काऊन पाय आपटता मग?"

"सवय सुटू नये म्हणून. पयल्या खेपेले माहा हातच वर गेला, सर. आमी दोघं थांबलो, तो एकटाच वाजवत राह्यला. लोक त्याले हासले."

त्यानं इस्त्री उभी करून ठेवली.

"चूक माही होती."

आणि धप्प.