पाचर काढली की कुठून निघायचं

आमचा दादा विमानतळावर पाचरी काढायचा. वैमानिकानं हात केला की वाकायचं, चाकाखालची लाकडी पाचर ओढायची आणि बाजूला व्हायचं. प्रोपेलर, म्हणजे आमच्या बोलण्यातला पंखा, विमानाच्या नाकावर. म्हणून निघायचं ते नेहमी शेपटीकडून. जोरात फिरणारा पंखा दिसत नाही हो, नुसती हवा वाटते! सारा जन्म त्यात गेलेला, त्यामुळे दादा दारातल्या स्कूटरलाही मागूनच वळसा घालायचा. वहिनी चिडवायची, "अहो, तिला पंखा नाहीये."

मग नवं विमान आलं. त्याचा पंखा मागे. म्हणे त्यामुळे वैमानिकाला समोरचं स्वच्छ दिसतं. दिसत असेल! पण पाचर काढणाऱ्याचे पाय कुठे वळतात, ते कुणी बघितलं? पहिल्याच दिवशी दादा सवयीनं शेपटीकडे निघाला. मी इंधनाच्या गाडीवर कामाला. धावत जाऊन त्याला कॉलर धरून ओढला. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

घरी वहिनीला सांगितलं. तिनं रडारड केली नाही. खोलीच्या मधोमध खुर्ची मांडली, तिच्या पाठीला लाल फडकं बांधलं. "हा पंखा. काढा पाचर. आता निघा पुढून!" रोज संध्याकाळी हेच. दादा कंबर धरून म्हणायचा, "अगं, सर्कशीतला घोडा केलास माझा." पण ती ऐकते कसली! हळूहळू पायांना वळण लागलं. स्कूटरलाही तो पुढून वळसा घालायला लागला. वहिनीचा जीव भांड्यात पडला. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकत होती, आणि का ते कळत नव्हतं.

एका सकाळी नवं विमान दुरुस्तीला गेलं आणि त्या फेरीसाठी जुनं बाहेर काढलं. नाकावर पंखा असलेलं. दादानं पाचर ओढली, सरळ झाला आणि खुशाल पुढे निघाला. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. इंजिनाच्या आवाजात कोण ऐकणार?

संध्याकाळी वहिनी त्या खुर्चीपाशी बसून होती. जुन्या विमानाचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"भाऊजी, खरं सांगा. शेवटी मागूनच निघाले ना? माझं ऐकलं नाही ना त्यांनी?"

माझ्या दादानं तिचा शब्द न शब्द पाळला होता.

"हो वहिनी," मी म्हणालो, "मागूनच निघाला. किती सांगितलं तरी..." मी खुर्चीचं फडकं सोडून खिशात घातलं.