कानकाकांचा शनिवार

उघड्या टपाच्या, दोन सीटच्या जुन्या स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या माणसांचं डोकं जरा सटकलेलंच असतं, हे काकूंचं जुनं मत. काकांनाही ते मान्य होतं. त्यांचं म्हणणं फक्त एवढंच, की त्यातही जो स्वतः गाडीखाली शिरून हात काळे करतो तो सुधारण्यासारखा असतो, आणि जो लांब उभा राहून मेकॅनिकला बोटाने दाखवतो तो वाया गेलेला.

काकांनी उभी हयात अशा गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागे काढली. इतर दुकानदार विचारतात, "काय देऊ?" काका विचारायचे, "काय झालंय?" गिऱ्हाईक म्हणे, पाण्याचा पंप द्या. काका म्हणत, आधी जुना खोलून आण. त्याने कुरकुरत तो आणला की काका हातात फिरवून बघत आणि बऱ्याचदा म्हणत, "पंप ठणठणीत आहे. नळी चिरलीय. ही घे नळी आणि पळ." पंपाऐवजी नळी विकली जाताना बघून दुकानाच्या मालकाचा जीव कासावीस व्हायचा, पण गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात जायचं नाव काढत नसत. "पार्ट बदलायच्या आधी बिघाड शोध," हे वाक्य काकांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्यांची मुलगी लहानपणी खेळणं मोडलं की रडायच्या आधी ते उलटं करून बघायची.

निवृत्तीनंतर दुकान सुटलं, गाडीवाले काही सुटले नाहीत. दर शनिवारी सकाळी काकांच्या घरामागच्या फरशीच्या अंगणात दोन-तीन गाड्या बॉनेट उघडून उभ्या असायच्या. कुणाचा क्लच घसरतोय, कुणाच्या गाडीखाली तेलाचं थारोळं, कुणी हौसेने सगळं खोलून ठेवलंय आणि आता जोडताना दोन वॉशर उरलेत. काका स्टुलावर बसून सांगणार आणि मालक करणार, असा तिथला कायदा होता. दुसऱ्याच्या गाडीला काका पाना लावत नसत. "गाडी तुझी, हात तुझा," असं म्हणून ते स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरत आणि पुढे म्हणत, "हा तेवढा माझा." म्हणून सगळे त्यांना कानकाका म्हणत.

त्या कानाची करामत बघायला खरं म्हणजे तिकीट लावायला हवं होतं. या गाड्यांच्या इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारे दोन कार्बुरेटर असतात. दोघांनी सारखी हवा ओढली तर इंजिन संथ चालतं. एकाने जास्त ओढली की गाडी उभ्या उभ्या थरथरते, सिग्नलला बंद पडते. काका हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावत आणि दुसरं एका कार्बुरेटरच्या तोंडाशी धरत, मग दुसऱ्याच्या. हवा आत जाताना बारीक 'सीऽऽ' असा आवाज होतो. दोन्हीकडचा आवाज सारखा होईपर्यंत ते मालकाकडून स्क्रू फिरवून घेत. "पुढचा अजून. अंहं, फार झालं. मागे घे. अरे, नखभर म्हटलं, वीतभर नाही!" मग एकदम हात वर करत आणि इंजिन शांत झालेलं असे.

अलीकडे मात्र काकांच्या नळ्या खराब निघू लागल्या होत्या.

आधी त्यांनी जुनी नळी फेकली, रबर कडक झालंय म्हणून. नवी आणली, ती फार जाड निघाली. मग बारीक आणली, ती फार बारीक. त्याच सुमारास स्वयंपाकघरातली किटलीही बिघडली. पाणी उकळून आटायची वेळ आली तरी शिट्टी वाजेना. काकांनी शिट्टी काढली, घासली, बसवली, तरी ती गप्पच. शेवटी त्यांनी नवी किटली आणली. तीही मुकी निघाली, तेव्हा काका हल्लीच्या मालाला नावं ठेवू लागले.

काकू ओट्याशी उभ्या होत्या. किटली तेव्हा घर डोक्यावर घेत होती.

"अहो," त्या मोठ्याने म्हणाल्या, "पार्ट बदलायच्या आधी बिघाड शोधावा, असं एक गृहस्थ सांगत असतात. तुमच्या ओळखीचे आहेत का?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, किटलीच्या तोंडातून उसळणाऱ्या वाफेकडे पाहिलं, आणि पेपर वाचायला बाहेर निघून गेले.

त्यांना कळलं नव्हतं असं नाही. माणसांचं बोलणं त्यांना नीट ऐकू यायचं. गेला होता तो नेमका तो बारीक, वरचा आवाज. ज्याच्यावर शनिवार उभा होता तोच. हात तर त्यांनी कधी लावला नव्हता. आता कानही गेला, तर अंगणात येणाऱ्यांनी यायचं कशासाठी? काकूंच्या हातचा चहा प्यायला? म्हणून ते नळी कानाला लावून बसत, भुवई वर-खाली करत आणि अंदाजाने सांगत. चाळीस वर्षांचा अंदाज होता, बरेचदा बरोबर यायचा.

गाण्याच्या बाईंच्या वेळी तो चुकला.

बाई मुलांना गाणं शिकवत. धाकट्या भावाने परदेशी जाताना आपली लाल दोन सीटची गाडी त्यांच्या दारात उभी करून ठेवली होती, आणि बाई चिकाटीने तिच्या नादी लागल्या होत्या. पहिल्या शनिवारी आल्या तेव्हा पाना कसा धरायचा हेही त्यांना माहीत नव्हतं. आता त्या ब्रेकचं तेल स्वतः बदलत आणि नखांतलं काळं घेऊन तशाच शिकवणीला जात. गाडीवाल्यांची डोंगरावरची सहल रविवारी होती. बाई पहिल्यांदाच जाणार होत्या, म्हणून आदल्या दिवशी त्यांनी काकांसमोर कार्बुरेटर जुळवायला घेतले.

काकांनी नळी कानाला लावली. नळीतून काही म्हणजे काही आलं नाही.

"पुढचा थोडा वाढवा," ते म्हणाले.

बाई स्क्रूवर हात ठेवून थांबल्या. "काका, पुढचाच जास्त ओढतोय असं मला वाटतंय."

"बाई, कान तुमचा की माझा?"

अंगणातले दोघे-तिघे हसले. बाईही हसल्या आणि त्यांनी पुढचा वाढवला. इंजिन जरा थरथरलं, पण काका म्हणाले, "तापलं की बसेल."

रविवारी त्यांची गाडी पहिल्याच चढाला आचके देऊ लागली, दुसऱ्या वळणावर बंद पडली. मागच्या गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजले. शेवटी दोघांनी ढकलून ती कडेला घेतली आणि बाई कुणाच्या तरी गाडीत बसून परत आल्या. काकांना हे सगळं फोनवर कळलं. फोन बाईंनीच केला होता.

"काका, माफ करा हं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बरोबर सांगितलं होतं, माझ्याच हाताने काहीतरी चुकलं. एवढा वेळ दिलात तुम्ही, आणि मी तुमचं नाव घालवलं. मला नाही हो हे जमणार. गाडी विकून टाकते. शनिवारी ओढून आणते तुमच्याकडे, बघायला एकजण येणार आहे. चालेल ना?"

"चालेल," काका म्हणाले.

काही न करता सुटका होत होती. हात बाईंचा होता, सगळ्या अंगणाने पाहिलं होतं. गाडी विकली जाईल, बाई यायच्या बंद होतील, काकांचा कान जागच्या जागी राहील. तो आठवडा काकांना अन्न गोड लागलं नाही. काकूंनी दोनदा काय झालं म्हणून विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही, नुसतं ताट पुढे सरकवलं.

शनिवारी लाल गाडी दोर बांधून अंगणात आली. गाडी घ्यायला आलेला माणूस इस्त्रीच्या कपड्यांत लांब उभा राहून बोटाने काहीतरी दाखवत होता. काका स्टुलावरून उठले.

"ही गाडी विकायची नाहीये," ते म्हणाले.

"काका, अहो—"

"बाई, तुमचा हात चुकला नाही. माझा कान चुकला." त्यांनी हातातली नळी वर धरली. "मला तो आवाज ऐकू येत नाही. बरेच महिने झाले. नळीत माझ्यासाठी काही नाही. तुम्ही बरोबर सांगत होतात आणि मी तुम्हाला गप्प केलं. चुकलं माझं."

कुणी हसलं नाही. खिडकीत काकू हातातला कप तसाच धरून उभ्या होत्या.

"मग आता?" एकाने विचारलं.

"आता काय? तुम्ही दुसरा कान शोधा," काका म्हणाले आणि आत जायला वळले.

बाईंनी त्यांच्या हातातली नळी काढून घेतली. "थांबा जरा. खाली बसा. तुम्हाला माझं बोलणं ऐकू येतं ना?"

"तेवढं येतं."

बाईंनी इंजिन सुरू केलं. गाडी थंडी वाजल्यागत थरथरू लागली. त्यांनी नळी कानाला लावली, पुढच्या कार्बुरेटरशी धरली, डोळे मिटले, आणि ऐकलेला तो बारीक आवाज पार खालच्या पट्टीत आणून, मोकळ्या गळ्याने काकांच्या कानाशी गायल्या, "ऊऽऽऽ." मग नळी मागच्या कार्बुरेटरला लावली. "ऊऽऽऽ." हा सूर पहिल्यापेक्षा उतरलेला होता.

काकांची मान झटकन वर आली. "मागचा झोपलाय!"

"झोपलाय ना?"

"तुम्ही त्या दिवशी म्हणालात तेच. मागचा उठवा. आधी दोघांच्या मधल्या दांडीचा नट सैल करा, नाहीतर एक फिरवाल आणि दुसराही हलेल. हां. आता स्क्रू. नखभर."

बाई स्क्रू फिरवत, ऐकत, गात. काका डोळे बारीक करून हुकूम सोडत. गाडी घ्यायला आलेल्या माणसाला काय चाललंय ते कळेना. तो एकदा बॉनेटकडे, एकदा बाईंच्या तोंडाकडे बघत होता, आणि थोड्या वेळाने कुणाच्या लक्षातही न येता निघून गेला. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकं बाहेर काढून विचारलं, कुणाला बरं नाहीये का म्हणून. "गाडीला!" काकूंनी खिडकीतून ओरडून सांगितलं.

"पुढचा जरा खाली घ्या," काका म्हणाले. "अजून. आता म्हणा."

बाई पुढचा सूर गायल्या. मग मागचा.

"बस! हात काढा!" काका ओरडले. "एक झाला!"

इंजिन संथ चालत होतं. मडगार्डवर ठेवलेल्या कपातला चहासुद्धा हलत नव्हता. सगळे एकदम बोलू लागले. कुणी बाईंच्या पाठीवर थाप मारली, कुणी आपली गाडी पुढे आणायला धावला. बाईंनी नळी गुंडाळायला घेतली, तर काका अजून तसेच, मान तिरकी करून, कान त्यांच्याकडे धरून बसलेले.

"पुन्हा एकदा म्हणा," ते म्हणाले.

"आता कशाला काका? जुळलंय की."

"जुळलंय, ते कळलं हो मला." काकांनी बाहीने डोळे पुसले. "नुसतं ऐकायचंय."