उजवी कळी, डावी कळी

आमच्या काकाच्या मते जगात प्रत्येक गोष्ट दोनच बाजूंना पडायची. गाय व्याली, ताप उतरला, कुणाच्या मुलीचं लग्न जमलं की मांडीवर थाप मारून तो म्हणायचा, "उजवी पडली रे!" हा शब्द त्याने देवळातून उचलला होता. आमच्या वाडीत काही ठरवायचं असलं की गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवून कौल मागतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगळे हात जोडून उभे असायचे तेव्हा मागून काका शेजाऱ्याच्या कानात कुजबुजायचा, "लावतोस काय? डावी पडतेय बघ."

पोलादपूरहून कुडपणकडे चढणारी एसटी आमच्या फाट्यावर थांबेल की तशीच पुढे जाईल, यावर तर त्याची रोजची पैज. माझ्याकडून त्याने गोट्या जिंकल्या, छत्री जिंकली आणि पुढे माझ्याच लग्नातला फेटाही. मी महाडच्या कोर्टाबाहेर टाइपिंग करतो. लोकांच्या इतक्या हरलेल्या केसेस टाइप केल्या, पण काकाशी पैज लावायची नसते एवढं काही शिकलो नाही.

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. मग मटक्याचा आकडा आला, आणि आकड्यामागून मोबाइल. पूर्वी जुगारासाठी काकाला डोंगर उतरावा लागायचा. आता जुगारच डोंगर चढून त्याच्या उशाखाली येऊन बसला. कधी तो चार-चार रात्री झोपायचा नाही, वाडीत हॉटेल काढतो म्हणायचा, दिसेल त्याला जेवायला बोलवायचा आणि मोबाइलवरचं बोट थांबायचं नाही. मग एकाएकी भिंतीकडे तोंड करून पडायचा, तो महिनाभर. आंघोळ नाही, बोलणं नाही. त्या महिन्यात जुगारही नसायचा, म्हणून आम्ही म्हणायचो, "चला, सुधारला!"

शेवटी काकू आणि मी त्याला महाडला मनाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. घरातला शिकलेला मी, म्हणजे रांगेत नंबर लावणारा मी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे चढ-उतार हा एक आजार, जुगार हा दुसरा. दोघं एकमेकांना हाक मारतात. एकाला बरं करून दुसऱ्याला सोडलं तर पहिला परत येणार. उपचार दोन्हींवर, एकदमच."

"म्हंजे आमची जोडी लागली म्हणा," काका म्हणाला.

बाई हसल्या, पण लगेच काकूकडे वळल्या. "बरं वाटलं तरी गोळ्या मला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत."

पुढचं वर्ष आमच्या घराने पाहिलेलं सगळ्यात चांगलं वर्ष. मोबाइल काकूच्या कमरेला. काका ठरल्या वेळी महाडला जायचा, रक्त तपासायला द्यायचा, बाईंशी बोलून यायचा. जुगाराची हुक्की आली की लपवायचा नाही. "गो, हात वळवळतोय," म्हणायचा. काकू त्याला म्हैस घेऊन वहाळावर पिटाळायची आणि मागोमाग स्वतःही जायची.

फक्त गोळ्यांनी त्याचे हात थरथरायचे. बशीतला चहा सांडायचा. लोक हसायचे, काका नाही. माझ्या वडिलांना मात्र ते बघवेना. "जुगार सुटला ना? मग गोळ्या कशाला? भाऊ माझा म्हातारा दिसायला लागला." काकूही घाबरली. म्हणाली, "देवीलाच विचारू."

मी म्हणालो, "बाईंना विचारूया ना. फोन लावतो."

"गप रे!" वडील म्हणाले. "कोर्टाच्या दारात बसतोस म्हणून वकील झालास काय?"

कौल लावला. गोळ्या चालू ठेवायच्या का, एवढाच प्रश्न. काका त्या दिवशी मागे नाही, पुढे उभा होता आणि कुणाच्या कानात काही बोलला नाही. बराच वेळ कळ्या हलल्याच नाहीत. मग डावी पडली.

देवळाच्या पायरीवर चप्पल घालता घालता काका म्हणाला, "मी आकडा लावला तर जुगार. आज तुम्ही मला कळीवर लावलात, तो कौल." गोळ्या कोनाड्यात गेल्या.

शिमग्याला काका सगळ्यांत उंच उडी मारून नाचला. लोक म्हणाले, बघा, माणसात आला. त्याच आठवड्यात म्हैस गोठ्यातून गेली आणि त्याच्या हातात नवा मोबाइल आला. मग पुन्हा ती भिंत. या वेळी काकूने कुणालाच न विचारता ठरवलं, सोमवारी महाडला न्यायचं. सोमवारच्या आधीच काकाने स्वतःला संपवलं. कसं, ते मी टाइप करणार नाही.

त्याची शैला, माझी चुलत बहीण, अगदी बापावर गेली आहे. यंदा तिची झोप उडाली, बडबड वाढली आणि मोबाइलवर रमी सुरू झाली. वडील आता थकलेत. ते हळूच म्हणाले, "एकदा कौल..."

"भावोजी, देवीला मी रोज हात जोडते," काकू म्हणाली. "पण माझ्या पोरीला कळीवर लावायची नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी महाडला बाईंकडे जायला आम्ही तिघं फाट्यावर उभे होतो. वरून एसटीचा आवाज आला. शैलाचे डोळे बापासारखे चमकले. "दादा, थांबते की नाय? लावतोस?"

माझ्या तोंडात उत्तर आलंही होतं. तेवढ्यात काकूने पदर खोचला, आणि दोन्ही हात वर करून ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.