दत्तूनं बेल दिली नाही

फोन दत्तूच्या मुलीचा होता. "काका, बाबा गेला... सकाळी, झोपेतच." एरवी मी तिचं मराठी दुरुस्त करतो. त्या दिवशी नाही केलं. मग तिनं विचारलं, "तुम्ही येणार ना? तुमचं भांडण होतं, मला माहितीये." मी म्हटलं, "भांडण त्याच्याशी होतं बाळ, त्याच्या मयताशी नाही." दत्तू कदम आणि मी जवळजवळ वर्षभर एकमेकांशी बोललो नव्हतो. एका बसपायी.

मी चौथी शिकलेला माणूस. पण दत्तूबद्दल दुसऱ्या कुणी गोडगोड लिहिण्यापेक्षा मीच लिहिलेलं बरं. आम्ही दोघं परळचे. साउथहॅम्प्टनला येऊन बसवर लागलो, मी ड्रायव्हर आणि तो कंडक्टर. गॅरेजनं, म्हणजे तिथल्या बसडेपोनं, आमची जोडी लावली, ती कंडक्टर ठेवणंच बंद झालं तोवर टिकली. पुढं आमची ती डबलडेकर भंगारात निघाली, तेव्हा गॅरेजातल्या जुन्या मंडळींनी मिळून ती घेतली. त्यात गोरे होते, सरदारजी होते, एक जमैकाचा होता आणि आम्ही दोघं. बेसिंगस्टोकजवळ एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये ती ठेवली. दर उन्हाळ्यात सगळे तिथं जमायचे, बायका-नातवंडांसकट. सँडविच, समोसे, दत्तूच्या हातचे बटाटेवडे... आणि जेवणाआधी गावातून एक फेरी. फेरीला नियम जुनाच. ज्याची जी जोडी तीच कामावर, आणि कंडक्टरनं दोनदा बेल दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही. राणी येऊन बसली असती तरी मी हलवली नसती.

दोन उन्हाळ्यांमागं एका वळणावर गाडी कुंपणाला घासली, आरसा फुटला. कुंपण वाढून रस्त्यात आलं होतं, हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. सगळे हसले, दत्तू तेवढा हसला नाही. पुढच्या उन्हाळ्यात शेतकऱ्यानं कळवलं की शेड विकायचीय, वर्षभरात गाडी हलवा. जुन्या बसगाड्या जपणारे काही लोक ती न्यायला तयार होते. पण ती उभी राहणार, चालणार नाही. सगळ्यांनी होकार दिला. मी नाही दिला. चालत्या बैलात पेंढा भरून ठेवायचा म्हणजे काय? आणि आमच्यात ठरलेलं होतं, एकाचाही नकार असेल तर गाडी द्यायची नाही. मी म्हटलं, आधी फेरी होऊ दे. चालताना बघा तिला, मग बोला.

सगळे चढले. वरच्या मजल्यावर नातवंडांचा दंगा. मी इंजिन चालू केलं, बेलची वाट बघत बसलो. बेल येईना. इंजिन तापायला लागलं. खिडकीतून ओरडलो, तरी बेल नाही. माझी केबिन पुढं वेगळी, दार बाहेरून; शेवटी खाली उतरून मागं गेलो. दत्तू पायरीवरच्या दांडीला धरून उभा होता.

"बेल दे."

"नाही देणार."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"गण्या, ते कुंपण तुला दिसलं नव्हतं. वर पोरं बसलीत."

मराठीत बोलत होता, हळू. बाकीच्यांना वाटत होतं आमची थट्टा चाललीय. एक सरदारजी आतून म्हणाला, "ओये, ओव्हरटाइम मिळतोय का तुम्हाला?" सगळे हसले. दत्तू नाही हसला.

"तू उतर मग," मी म्हटलं. "दुसरा कुणीतरी देईल बेल."

"त्याच्या बेलवर काढशील गाडी?"

तो माझ्याकडं बघत राहिला, मी त्याच्याकडं... मग तो आत वळला आणि सगळ्यांना इंग्रजीत मोठ्यानं म्हणाला, "क्लच गेलाय. आज फेरी नाही. चला, वडे गार होतायत." माझ्या गाडीचा क्लच! मी हातानं राखलेला! चारचौघांत डोळ्यांवरून बोलला असता तर मी त्याला तिथंच उत्तर दिलं असतं. क्लचवर काय उत्तर देणार? मी न जेवता घरी आलो. त्यानं दिवाळीला फोन केला, मी उचलला नाही.

मयताच्या वेळी गॅरेजातले सगळे होते. बाहेर थांबून कुणीतरी हलकेच विचारलं, शेड रिकामी करायचीय, नाही तर भंगारवाला येईल, तुझं काय? मी म्हटलं, न्या. दत्तूशिवाय कुणाच्या बेलवर मी ती काढणार होतो? ट्रकवर चढवून नेली तेव्हा मात्र बघायला गेलो नाही.

मागच्या आठवड्यात गेलो. मोठ्या शेडमध्ये आणखी गाड्यांच्या रांगेत उभी होती, धुतलेली, नवा आरसा लावलेली. माझ्या केबिनला कुलूप. तिथला माणूस भला, म्हणाला उघडून देतो. मी म्हटलं, राहू दे. मागून चढलो. इतक्या वर्षांत गाडी चालू असताना मी मागं कधी नव्हतोच. दत्तूला काम करताना मी पाहिलेलंच नाही, नुसता ऐकलेला. जिन्यावरचे त्याचे पाय, म्हाताऱ्यांना इथल्या रीतीनं लाडानं "सावकाश, लव्ह" म्हणणं. तो उभा राहायचा तिथं उभा राहिलो. दांडीवरचा रंग एका जागी पार गेलेला, धातू गुळगुळीत. तिथं हात ठेवला आणि समोर बघितलं. दोन्ही बाजूंच्या सीटांच्या मधून सरळ केबिनच्या मागची काच दिसते, आणि काचेतून ड्रायव्हरची सीट. मी त्याला कधी पाहिलं नाही. तो मात्र दिवसभर, इतकी वर्षं, माझी पाठ बघत होता...

तिथला माणूस शेड बंद करायला आला, तरी मी दांडी धरून उभाच होतो.