आईचं पाणी मोजताना

आईचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर पाणी सांगितलं, तेही चहा-वरण धरून. जास्त झालं की ते छातीत भरतं आणि श्वास अडकतो. एकदा अडकलाही होता. तेव्हापासून तिचं दिवसाचं पाणी मी सकाळीच एका बाटलीत काढते आणि बाटली माझ्यापाशी ठेवते.

आधी ती स्वतःच जपून प्यायची. मग विसरायला लागली. घोट घेऊन पेला खाली ठेवला की म्हणायची, "सकाळधरनं थेंब नाय दिला गं." मला वाटलं, नाटक करते. तसं तोंडावर म्हटलंही. डॉक्टर म्हणाले, या वयात डायलिसिसवर असलेल्यांच्या डोक्यावरही परिणाम होतो, माणूस भलत्याच काळात जातो. मला माझीच किळस आली.

फुलंब्रीची मावशी शहाळं घेऊन आली. ते आईला चालत नाही म्हटलं तर म्हणाली, "लई शिकलीस, अन् सख्ख्या आईला पाणी मोजून पाजायलीस व्हय?" उंटावरून शेळ्या हाकायला हिचं काय जातं? अस्सा संताप आला.

परवा दुपारी डायलिसिसहून घरी आलो. मी पेला पुढं केला तर आई मागं सरकली, जमिनीवर उकिडवी बसली आणि मान खाली घालून ओंजळ धरली.

"बाई, वरून सोडा. मी भांड्याला शिवत नाय."

क्षणभर कळलंच नाही. मग आठवलं. करमाडकडच्या त्या दोघींच्या गावात विहिरीवर लहानपणी वरच्या जातीच्या बायकांकडून असंच पाणी मिळायचं, हे मावशीच्या तोंडून ऐकलेलं. आई कधी बोलली नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं घर आमचं, मागचं उगाळायचं नाही म्हणायची. आता माझं नाव विसरली, सकाळचं जेवण विसरली, आणि ही घाण तेवढी डोक्यात शिल्लक राहिली. थू त्या गावावर.

"आई, मी तुझी लेक आहे गं!" मी ओरडले, पेला ओठांना लावायला गेले. तिनं तोंड फिरवलं.

"नगं बाई, भांडं बाटंल."

ओठ फुटले होते तिचे. शेवटी मी उभी राहिले आणि बाटलीतून वरून धार सोडली. ती घटाघटा प्यायली. दिवसाचं पाणी तिथंच संपत आलं, रात्रीच्या गोळ्यांपुरतं तेवढं उरलं. ओंजळ मात्र तशीच पुढं होती.

"अजून घोटभर सोडा, बाई. लई उपकार व्हतील."

मी नाही म्हणाले आणि बाटलीला झाकण लावलं.