मंगलाचरणातच मुक्काम

आईला शहाद्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली. माहेरून आलेली जुनी पोथी शेवटपर्यंत ऐकायची. त्यातल्या राजाच्या धाकट्या सुनेवर आळ घेऊन तिला वनात काढतात. लहानपणी आईनं बापाच्या तोंडून तिथवरच ऐकलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, जन्म शेतात गेला, पुढचं राहूनच गेलं.

भावाला काय अवदसा आठवली, त्यानं शहाद्याचे एक निवृत्त प्राध्यापक बोलावले. याच पोथीवर म्हणे ते टीका लिहीत होते. कळसाडीला आमच्या ओसरीवर कापसाचा ढीग. धोतराला कापूस चिकटतो म्हणून आधी तो हलवायचा, मग चहा, मग पहिली ओवी. त्या ओवीतलं वंदन कुणाला, यावर जुन्या टीकाकारांची भांडणं. एक म्हणतो गणपतीला, दुसरा म्हणतो गुरूला, तिसरा म्हणतो दोघे एकच. हे प्राध्यापक तिघांचीही अक्कल काढणार आणि वर स्वतःचं चौथं मत ठोकणार. कापूस विकून झाला, यांचं वंदन काही संपेना.

मी वाचते म्हटलं, तर आई ऐकेना. आमच्याकडे ज्यानं पोथी लावली त्यानंच समाप्ती करायची, मधे दुसऱ्यानं वाचायचं नाही. गृहस्थांना तेच हवं होतं. फुकटचा श्रोता, तोही उठून न जाणारा!

आईचा आवाज बारीक होत चालला, तशी मला त्या विद्वत्तेची शिसारी यायला लागली. शेवटी एका दुपारी तिनंच समाप्तीचा नारळ मागवला आणि त्यांच्या हातात ठेवला. अजून दुसरी ओवी बाकी आहे, असं ते सांगायला लागले.

"तुमनी टीका पुरी व्हयनी, सर," आई म्हणाली. "मन्ही पोथी बाकी शे."

ते गेले तशी मी वाचायला बसले आणि शेवट गाठला. राज्याभिषेक झाला, फलश्रुती झाली, सुनेचं नावच नाही. पानं उलटीपालटी केली, तरी नाही. बाहेर जाऊन प्राध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, हा प्रश्न आजवर एकाही टीकाकारानं उपस्थित केलेला नाही. एवढे जाडजूड ग्रंथ लिहिले मेल्यांनी, आणि वनात टाकलेल्या बाईची चौकशी करायला एकालाही सवड झाली नाही.

आत आले तर आई जागीच होती.

"ती घर उनी का?"

उनी, आली घरी, मी म्हटलं, आणि पोथीकडे बघत दोन ओव्या तिथल्या तिथं जुळवून वाचल्या. ज्याला टीका लिहायची असेल त्यानं आता त्या दोन ओव्यांवर लिहावी.