साडेसहाचं पाणी

भीमराव साळवे म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. खडकवासल्याच्या कालव्यावर त्यांनी तेहतीस वर्षं पाण्याची पातळी मोजली आणि एकदाही अंदाजपंचे आकडा लिहिला नाही. सरकारी नोकरीत हे व्रतच म्हणायचं! निवृत्त होऊन ते हडपसरला राहायला आले, तेव्हा नदीकाठची बुजलेली पाणथळ पुन्हा जिवंत करायचं काम चाललं होतं. राडारोडा उपसून पाणकणीस, म्हणजे पाणी गाळणारं उंच गवत, लावलं होतं. नाल्याचं पाणी त्यातून फिरून, निवळून नदीत जायचं. ते किती वाहतं नि किती निवळतं, हे रोज बघायला ते काम करणाऱ्या संस्थेला माणूस हवा होता. भीमराव आपणहून गेले, तेही बिनपगारी.

सकाळी साडेसहा म्हणजे साडेसहाच. मोजपट्टी वाचायची, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरायची, यंत्राची दांडी बुडवून पाण्यातला ऑक्सिजन बघायचा आणि वहीत लिहायचं. फिरायला येणारी मंडळी त्यांच्यावरून घड्याळं लावत. भीमरावांना याचा अभिमान होता, आणि का नसावा?

दोन वर्षांत आकडे सुधारले. संस्थेच्या शेफालीताईंनी अहवालात लिहिलं, पाणथळ सावरली. सोमवारी महापालिकेचे अधिकारी येऊन तसा शेरा मारणार होते. मग देखरेख बंद, आणि भीमरावांचा सत्कार.

पटत नव्हतं ते एकट्या हिराबाईंना, त्यांच्या बायकोला. दुपारी त्या तिकडून लेकीकडे जायच्या आणि घरी येऊन सांगायच्या, अहो, घाण वास येतो. भीमराव म्हणायचे, यंत्राला कळत नाही ते तुला कळतं होय? पण पाणकणीस बुडापासून काळं पडतंय, हे त्यांनाही दिसत होतं. उन्हावर तरी किती दिवस ढकलणार? शनिवारी ते पहिल्यांदाच दुपारी तीनला गेले.

पाण्यावर फेस होता आणि घाण वास सुटला होता. यंत्रात ऑक्सिजन जवळजवळ शून्य. त्यांनी दांडी तीनदा पुसून बुडवली, आकडा हलेना. वरच्या अंगाला एका मोठ्या गृहसंकुलाचा पाइप नाल्यात बदाबदा ओतत होता. तिथला सांडपाण्याचा माणूस, रविराज, जवळच उभा होता. तो दचकला नाही की लाजला नाही, उलट अदबीनं बोलला.

"काका, तुम्ही सकाळी येता ना, म्हणून सकाळी आम्ही व्हॉल्व्ह बंदच ठेवतो. तुम्ही गेलात की सोडतो. तुमची वेळ कधी चुकली नाही, म्हणून तर आमचं जमलं."

याच्यापेक्षा मुस्काटात मारली असती तरी परवडलं असतं. कालव्यावर ठरल्या वेळी मोजणं बरोबर होतं, तिथलं पाणी कुणी लपवत नव्हतं. तीच रीत इथं लावून भीमरावांनी चोराच्या हाती किल्ली दिली होती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

शेफालीताईंना त्यांनी लगेच सांगितलं. त्या बाई वाईट नव्हेत, दमलेल्या होत्या. म्हणाल्या, संकुलाची तक्रार वेगळी करू, अहवाल तेवढा जाऊ द्या, नाहीतर दोन वर्षांचं काम पाण्यात जाईल. भीमराव वही काखेत मारून घरी आले.

सोमवारी टेबलावर शाल-श्रीफळ होतं. भीमरावांनी अधिकाऱ्यांपुढे वही ठेवली. पहिल्या पानावर त्यांनी ताज्या शाईनं लिहिलं होतं: या नोंदी फक्त सकाळी साडेसहाच्या आहेत. उरलेल्या दिवसाचं पाणी मी पाहिलेलं नाही.

म्हणजे आकडे खोटे का, असं अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आकडे खरे आहेत, साहेब. पण घाण करणाऱ्याला आडोसा माझाच झाला."

शेरा लिहिला गेला नाही. संकुलाला नोटीस निघाली आणि देखरेख पुन्हा पहिल्यापासून, वेगवेगळ्या वेळी, आणखी दोन वर्षं ठरली. शाल घडीतच राहिली. शेफालीताई त्यांच्याकडे न बघता निघून गेल्या.

साठी उलटल्यावर पहिल्यापासून! भीमराव घरी येऊन दारातच उभे राहिले आणि संसारात कधी न बोललेलं बोलले.

"हिरा, तू सांगत होतीस. मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

हिराबाईंनी गॅस बंद केला, हात पुसले आणि चपला पायात घातल्या.

"चला," त्या म्हणाल्या, "आत्ताचं पाणी बघून येऊ."